भट्टी गावाची, माप घरचे

स्वयंपाकघरातल्या वडिलोपार्जित वस्तूंची यादी करायला बसले की मराठी माणूस जाते, पाटा-वरवंटा, उखळ-मुसळ, विळी, सोऱ्या, पुरणयंत्र अशी नावे भराभर सांगतो. त्या यादीत भट्टी कधीच नसते. पावाची, बिस्किटांची, नानकटाईची भट्टी ही आपल्याकडे घराची वस्तू नव्हती, गावाची होती. भाषाही याची साक्ष देते. शेंगदाणे भाजतात, वांगे भाजतात, भाकरी भाजतात आणि नानकटाईही भाजतात. भट्टीतल्या चहूबाजूंनी लागणाऱ्या कोरड्या उष्णतेसाठी मराठीने वेगळे क्रियापद घडवण्याची तसदी घेतली नाही. फरक केला तो एवढाच, की भाकरी 'भाजतात' आणि नानकटाई 'भाजून आणतात'. या 'आणण्या'मुळे घरात कोणती वस्तू वारशाने उरली, हा माझ्या कुतूहलाचा विषय आहे. फलटणमधल्या माझ्या आजोळी उरलेली तीसेक तांब्यापितळेची भांडी, आजीच्या हातची एक वही आणि आई-मावश्यांच्या आठवणी ही माझी साधने. राजवाड्याच्या किंवा श्रीराम मंदिराच्या इतिहासापुढे ती फारच किरकोळ आहेत, याची जाणीव आहे. पण किरकोळ वस्तू कधी कधी दप्तरापेक्षा नेमके बोलतात.

आपल्याकडे भाजण्याची कला नव्हती असे मात्र कोणी समजू नये. उपड्या खापरावर भाजले जाणारे मांडे बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लासा'त आहेत. गोवऱ्यांच्या राखेत भाजलेले रोडगे आहेत. मुंबईच्या पाठारे प्रभूंचे भानोले आणि कोकणातले काकडीचे धोंडस ही तर खाली निखारे आणि झाकणावर निखारे ठेवून भाजायची पक्वान्ने. गोव्याचा बिबिंका थरावर थर घालत, मुख्यतः वरच्याच आचेवर भाजतात. युरोपातले निखारे ठेवायच्या खोलगट झाकणाचे बिडाचे भांडे पाहिले, तर कोकणातल्या आजीला ते परके वाटणार नाही. म्हणजे चहूबाजूंनी उष्णता देण्याची युक्ती आपल्याला ठाऊक होती. विटांची कायमची भट्टी मात्र घराघरांत बांधली गेली नाही.

फलटणसारख्या भागात त्याची कारणे शोधायला लांब जावे लागत नाही. हा पर्जन्यछायेतला प्रदेश, खाणे ज्वारी-बाजरीचे. या धान्यांच्या पिठात गव्हासारखा चिवटपणा नसतो, त्यामुळे ते फुगवून त्याचा पाव होत नाही. न फुगणाऱ्या भाकरीसाठी मणभर विटा तापवणे हा सरपणाचा शुद्ध अपव्यय ठरला असता. सरपण तरी कसले? काटक्या, गोवऱ्या, तुराट्या. पातळ भाकरी तव्यावर टाकावी आणि चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यावर फुगवावी, यात जेवढ्यास तेवढे जळण लागते. गहू सणाचा, आणि सणाला पुरणपोळी. भट्टीला घरात जागाच नव्हती.

ती आली बाहेरून. 'पाव' हा शब्द पोर्तुगीज, हे सर्वांना माहीत आहे; गोव्यात माडाच्या सुरेने पीठ आंबवून पाव भाजण्याचा उद्योग स्थिरावला. 'नानकटाई' किंवा 'नानखटाई' हा शब्द फारसी वळणाचा आहे: नान म्हणजे रोटी आणि खताई म्हणजे खता देशाची, चीनकडची. पदार्थाचा जन्म सुरतेचा मानतात. डच व्यापारी गेल्यावर त्यांच्या भट्टीचा वारसा एका पारशी कुटुंबाकडे आला आणि देशी गिऱ्हाईक मिळावे म्हणून तिथे नवी बिस्किटे निघाली, अशी कथा सांगितली जाते. कथेचा तपशील कितीही खराखोटा असो, नानकटाईत अंडे नाही आणि ताडी नाही, हे तिच्या प्रसाराचे मोठे कारण असणार. फलटणला हे विशेष लागू पडते. हे दिगंबर जैनांचे मोठे केंद्र. शिवाय महानुभावांचेही, कारण चांगदेव राऊळांचे हे जन्मगाव. पावाकडे संशयाने पाहणाऱ्या घरांतही नानकटाई दिवाळीच्या फराळाच्या ताटात शिरू शकली, ती या सोवळेपणाच्या बळावर. तूप घरचे, साखर घरची, पीठ घरचे. परक्याची फक्त आग.

साखर घरची म्हटले खरे, पण तिचाही इतिहास आहे. नानकटाईला पांढरी, दळून पीठ होणारी साखर लागते. गुळावर तिचे काम होत नाही, कारण गुळातला ओलावा तिला खुसखुशीत होऊ देत नाही. १९३०च्या दशकात फलटण संस्थानात साखर कारखाना उभा राहिला आणि त्याच्याभोवतीच्या वस्तीचे नावच साखरवाडी झाले. नीरेच्या कालव्याचे पाणी, त्यावरचा ऊस, उसाची साखर ही साखळी आमच्या फराळाच्या डब्यापर्यंत येऊन पोहोचते. आजी सासरी आली तेव्हा फलटण अजून नाईक निंबाळकरांचे संस्थान होते. १९४८मध्ये ते विलीन होऊन सातारा जिल्ह्यात आले. तिच्या बोलण्यात 'संस्थानात असताना' हा कालखंड जसा होता तसाच 'डालडा येण्यापूर्वी' हाही होता. डालडा १९३७ सालचा. त्याने नानकटाई स्वस्त केली हे ती मान्य करी, पण टाळूला चिकटते म्हणून नाक मुरडी. डालड्याचा रिकामा डबा मात्र तिने कधी टाकला नाही.

बेकरीची भट्टी कशी चालते हे समजल्याशिवाय दिवाळीतली ती गर्दी समजत नाही. बाभळीची लाकडे आत जाळून भट्टी तापवायची, निखारे बाजूला ओढायचे, भुई पुसून घ्यायची आणि तापलेल्या विटांच्या उष्णतेवर पाव भाजायचा. पावाला कडक आच हवी. पाव निघाल्यावर भट्टी हळूहळू उतरत जाते, आणि ही उतरती आच पावाला निरुपयोगी पण टोस्ट, बटर आणि नानकटाईला नेमकी असते. नानकटाईला कडक आच मिळाली तर ती वरून लाल होते, आत कच्ची राहते. फार मंद मिळाली तर तूप सुटून ती पसरते. म्हणून पहाटेचे पाव गेल्यानंतर घरोघरच्या बायका, मुले, गडीमाणसे डबे घेऊन येत. आजीच्या भाषेत ही 'भट्टी दमल्यावरची वेळ'. बेकरीवाल्याच्या हिशेबात फुकट जाणारी ऊब, आणि तिच्यावर अर्ध्या गावाची दिवाळी.

तूप-साखर फेसून पांढरे करणे काही घरी उरकून नेत, काही तिथल्या लाकडी फळ्यांवरच परातीत हाताच्या तळव्याने फेसत. मावशीला आठवते ते तिथेच बसून फेसणे. शेजारच्या परातीत कोणाचे तूप किती, हे न बघितल्यासारखे करून बघणे हाही कार्यक्रमाचा भाग. मग गोळे, त्यावर चारोळी किंवा वेलदोड्याचा दाणा, आणि पत्र्याचे मोठाले ताट लांब दांड्याच्या फळीने आत. प्रत्येक ताटात एका कोपऱ्यात कागदाची चिठ्ठी: नाव, नाहीतर आळीचे नाव. चिठ्ठी जळाली तर भांडण.

ही चिठ्ठी मला महत्त्वाची वाटते. आग सामाईक असली की वस्तूला नाव लागते. दक्षिण इटलीतल्या मातेरा गावात कुटुंबाची आद्याक्षरे कोरलेले लाकडी शिक्के असत. सार्वजनिक भट्टीत पाव देण्यापूर्वी पिठाच्या गोळ्यावर आपला शिक्का उमटवायचा, म्हणजे परत घेताना घोळ नको. मोरोक्कोतल्या जुन्या शहरांत मोहल्ल्याची भट्टी असते. तिथे घरचा पाव फळीवर ठेवून पाठवतात, आणि कोणता पाव कोणाचा हे भट्टीवाल्याला खुणेवरून कळते. मातेऱ्याचे शिक्के आज कलावस्तू म्हणून विकले जातात. आपल्याकडची चिठ्ठी जळून जाणारी होती, पण आपला शिक्का दुसरीकडे होता: भांड्यावर.

तांब्यापितळेच्या भांड्यांवर नाव घालण्याची आपली रीत हौसेची म्हणून ओळखली जाते. मला ती व्यवहाराची वाटते. भांडी घराबाहेर जात. लग्नकार्याला शेजारी नेत. आषाढीच्या वाटेवर ज्ञानेश्वर महाराजांची पालखी फलटणला मुक्कामी आली की वारकऱ्यांच्या पंगतीसाठी आळीतली सगळी मोठी पातेली, घंगाळी, पराती एकत्र होत. परत येताना आपली ओळखायची कशी? टाचणीच्या टोकाएवढ्या ठोक्यांनी, टिंबाटिंबांची अक्षरे. आजोळच्या तीसेक भांड्यांपैकी एकोणीसांवर अशी अक्षरे आहेत. मी ती सगळी उतरवून काढली. जुन्या भांड्यांवर शके आहे, नंतरच्यांवर इंग्रजी तारीख. बहुतेकांवर देणाऱ्याचे नाव: मामा, चुलते, मित्रमंडळी, एका परातीवर आळीतले व्यापारी. जिला दिले तिचे नाव पाच भांड्यांवर आहे, तेही 'चि. सौ. कां.' या उपाध्यांमागे लपलेले. त्या परातीत जन्मभर कणीक तिंबणाऱ्या बाईचे नाव भांड्यावर यायला तिचे लग्न व्हावे लागे. नंतर तिला तसे निमित्त उरत नसे. याला अपवाद एकच, आणि तो सर्वांत लहान वस्तूवर आहे. चिपट्यावर. त्यावर आजीच्या सासूबाईंचे नुसते नाव आहे: ना उपाधी, ना नवऱ्याचे नाव, ना साल.

चिपटे म्हणजे काय हे आता समजावून सांगावे लागते. धान्य तोलण्याऐवजी भरून मोजायची आपली जुनी मापे अशी: दोन कोळवी म्हणजे एक चिपटे, दोन चिपटी म्हणजे एक मापटे, दोन मापटी म्हणजे एक शेर, दोन शेर म्हणजे एक अधोली, दोन अधोल्या म्हणजे एक पायली. म्हणजे चिपटे हा पाव शेर. पण कुठला शेर? तोलायचा शेर वेगळा, भरायचा वेगळा. तोलायच्या शेरातही ऐंशी तोळ्यांचा पक्का शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम, आणि त्याहून लहान कितीतरी कच्चे शेर बाजारपेठेगणिक चालत. एका पेठेतली पायली दुसऱ्या पेठेत भरेलच असे नाही. व्यापाऱ्यांना यात फायदा होता, सरकारला डोकेदुखी. गृहिणीला यांपैकी काहीच नव्हते, कारण तिच्यापुरते माप एकच होते, तिच्या फडताळातले. ते गावच्या शेराशी जुळते की नाही याला महत्त्व नव्हते. ते गेल्या वर्षीच्या स्वतःशी जुळत होते, एवढे पुरे.

आजीच्या वहीत नानकटाईची नोंद अडीच ओळींची आहे. मैदा चार चिपटी, पिठीसाखर दोन, तूप दीड, वेलदोडे, मीठ चिमूट, 'सोडा जरा'. आच, वेळ, काहीही नाही. ते बेकरीवाल्याचे खाते. या अडीच ओळींना चिपट्याशिवाय अर्थ नाही, हे घरात कोणाच्या ध्यानात आले नव्हते. ध्यानात आणून दिले ते सरकारने.

१९५६मध्ये वजनमापांचा कायदा झाला. एप्रिल १९५७मध्ये नवे पैसे आले, आणि ऑक्टोबर १९५८पासून टप्प्याटप्प्याने शेर, मण, तोळे जाऊन किलो आणि ग्रॅम आले. देशाच्या दृष्टीने ही मोठी आणि न्याय्य सुधारणा होती. पेठेगणिक बदलणाऱ्या शेराने शेतकऱ्याला किती नागवले असेल याचा हिशेब नाही. पण बाजारात रूढ झालेली सोपी समजूत घरात शिरली: शेर म्हणजे किलो, पावशेर म्हणजे पाव किलो. वहीत नानकटाईच्या नोंदीशेजारी दुसऱ्या शाईत, दुसऱ्या हाताने लिहिले आहे: मैदा १ किलो, साखर अर्धा, तूप ३७५. मोठ्या सुनेचे अक्षर. तिने चिपट्याला पाव किलो धरले आणि गणित बिनचूक केले. चार चोक एक, दोन चोक अर्धा, दीड चोक पावणेचारशे.

त्यानंतरच्या काही दिवाळ्या घरात 'कोरड्या नानकटाईच्या' म्हणून प्रसिद्ध आहेत. आजीने दोष भट्टीला दिला. बेकरीत जाऊन म्हणाली, "चाचा, यंदा भट्टी नीट दमली नव्हती तुमची." चाचा म्हणाले, "भट्टी तीच हाय, मामी. पिठात तूपच नाय, तर भट्टी काय करंल?"

चाचांचे म्हणणे मी चिपट्याने पडताळून पाहिले. पाणी भरून मोजले तर आमचे चिपटे तीनशे मिलिलिटरच्या आतबाहेर भरते. पण चिपटेभर मैदा तोलला तर जेमतेम १६५ ग्रॅम होतो, कारण मैदा हलका, भुसभुशीत. पिठीसाखरही जवळपास तेवढीच. चिपटेभर तूप मात्र २७० ग्रॅम. म्हणजे आजीच्या मापाने ६६० ग्रॅम मैद्याला ४०५ ग्रॅम तूप पडे, शंभराला साठाहून थोडे अधिक. सुनेच्या किलोने पडू लागले शंभराला साडेसदतीस. तूप पिठाच्या कणांना वेढून त्यांना एकमेकांशी चिकटू देत नाही, म्हणून नानकटाई जिभेवर विरघळते. तूप इतके घटले की ती चावावी लागते. भरून मोजण्याचे आणि तोलून मोजण्याचे गणित निरनिराळे असते, आणि हा फरक त्या पितळी भांड्यात आपोआप सांभाळला जात होता. कायद्याने बाजार सुधारला. त्याच कायद्याची अर्धवट समजूत घरात घुसली आणि एक जिवंत प्रमाण मोडले. असे किती घरांत झाले असेल!

छापील पाकशास्त्राकडे या दृष्टीने पाहिले की वेगळेच काही दिसते. मराठीत रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५मध्ये निघाले. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया' १९१०चे. मग १९७०मध्ये कमलाबाई ओगल्यांचे 'रुचिरा' आले आणि घराघरांत पोहोचले. कमलाबाई आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या, कुंडलच्या, जन्म १९१३चा. म्हणजे शेर-चिपट्यात स्वयंपाक शिकलेली आणि किलो-ग्रॅमच्या काळात पुस्तक लिहिणारी पिढी. त्यांनी प्रमाण दिले ते वाटी आणि चमच्याने. 'रुचिरा'च्या लोकप्रियतेची कारणे सांगताना सोपी भाषा आणि घरगुती पदार्थ यांचा उल्लेख होतो, आणि तो बरोबरच आहे. पण मला वाटते की त्यांनी नेमकी अडचण ओळखली होती: शेर गेला होता, तराजू मध्यमवर्गीय स्वयंपाकघरात आला नव्हता, आणि मधल्या पोकळीत सुनांच्या हाती मोजायला काही नव्हते. वाटी हे चिपट्याचेच पुनरागमन होते, फक्त निनावी. तुमची वाटी, माझी वाटी; प्रमाण सांभाळले म्हणजे झाले. भरून मोजायचे घरगुती शहाणपण त्यांनी छापून टिकवले.

निनावी म्हटले, कारण तोवर स्टील आले होते. पितळेला कल्हई लागे. नवसागराचा पांढरा धूर, कथलाची चकाकी आणि भाता फिरवणारा पोरगा हे दृश्य ज्यांनी पाहिले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. कल्हईवाला येईनासा झाला, घासायला चिंच आणि वेळ दोन्ही पुरेनात, तेव्हा पितळ मोडीत निघाले. मोडीचा भाव वजनावर. नाव घातले आहे, साल घातले आहे, मामाने दिले आहे, याचे तराजूत काही वजन नाही. मावशीच्या सासरी चौदा भांडी देऊन स्टीलचा एक पिंप आणि ताटवाट्यांचा संच आला, आणि त्याचा सगळ्यांना आनंदच झाला. बायकांचे घासण्याचे कष्ट वाचले, हे विसरून पितळेसाठी उसासे टाकणे मला ढोंगीपणाचे वाटते. तरी एका गोष्टीची खंत उरते. जुन्या घराण्यांची मोडी दप्तरे वाचायला मंडळे आहेत, संशोधक आहेत. भांड्यांवरचे हे लेख, ज्यांत सामान्य घरातल्या बायकांची नावे काळवेळेसह सापडतात, ते कोणी उतरवून न घेता वितळले. ज्यांच्या माळ्यावर अजून पिंपे-घंगाळी आहेत त्यांनी निदान फोटो काढून ठेवावेत.

भट्टीचेही तसेच झाले. ॲल्युमिनियमचा, झाकणाला काचेची खिडकी असलेला गोल विजेचा ओव्हन आला. त्याआधी पातेल्यात वाळू घालून स्टोव्हवर केक भाजण्याचे प्रयोग झाले होतेच. गोल ओव्हनमध्ये एका वेळी डझनभर नानकटाया मावत. भट्टीतल्या एका ताटाचे काम त्याला दुपारभर पुरे, पण चिठ्ठीची गरज संपली आणि शेजारणीच्या परातीत डोकावण्याचीही. बेकऱ्यांत डिझेलच्या, विजेच्या भट्ट्या आल्या; त्या हव्या तेव्हा तापतात, हव्या तेव्हा बंद होतात. दमलेल्या भट्टीची फुकट ऊब उरली नाही, तेव्हा घरचे पीठ भाजून द्यायचे तरी कशाला? काही ठिकाणी दिवाळीपुरते अजून भाजून देतात, मजुरी किलोवर.

आमचे चिपटे मोडीत गेले नाही याचे कारण त्याचे वजनच किरकोळ होते. गेल्या दिवाळीत बेळगावच्या मावसबहिणीने माप मागितले. मी ग्रॅमचे आकडे कळवले, तर तिने उलट विचारले, मैदा चाळून की न चाळता, हलवून की दाबून. मग मी चिपटे काठोकाठ तांदळाने भरले, हाताने सपाट केले आणि ते तांदूळ पिशवीत शिवून पाठवले. तिने ते आपल्याकडच्या एका स्टीलच्या डब्यात ओतले, तांदूळ जिथवर आले तिथे खिळ्याने आतून रेघ मारली, आणि रेघेखाली आमच्या पणजीचे नाव टिंबाटिंबांनी ठोकून घेतले.